शेजारच्या स्वयंपाकघरातला मोहिंगा

सौमित्र करंदीकर कुणालाही आवडावा असाच माणूस होता. सांगलीहून मुंबईला जाऊन तो मरीन इंजिनियर झाला, बरीच वर्षं जहाजांवर काढली, आणि मग सिंगापूरला सेम्बावांगच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या कामावर किनाऱ्याची नोकरी धरली. गोदीतले लोक त्याच्यावर खूश असत, कारण तो भांडत नसे. जहाजाचा कप्तान तापलेला असो की वेल्डिंगचा कंत्राटदार, ज्याला जे ऐकायचं असेल ते बोलून सौमित्र वेळ मारून नेई. हा आपला गुणच आहे असं त्याला वाटे. घरीही तो तेच करत होता. त्याची लाज वाटायला मात्र सत्त्याण्णव साल उजाडावं लागलं.

त्याची बायको ब्रह्मदेशची. तिचं नाव नीलार. तो जहाजावर थर्ड इंजिनियर असताना त्याच्या वर सेकंड इंजिनियर होते ऊ तिन मौंग. त्यांच्यातला 'ऊ' म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात तसा. सौमित्र भर समुद्रात मलेरियाने आडवा झाला तेव्हा या माणसाने आपली पाळी संपवून त्याचीही पाळी केली, आणि वर त्याच्या उशाशी बसून त्याला पेज पाजली. जहाज सिंगापूरला लागलं की ते त्याला आपल्या भाचीकडे जेवायला घेऊन जात. भाची तांजोंग पगारला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होती. तिथेच सगळं जुळलं.

लग्नाचं त्याने सांगलीला फोनवर कळवलं. वडिलांनी, म्हणजे विश्वासरावांनी, फोन सरळ आईकडे दिला. सरोजिनीबाईंनी मुलीचा धर्म विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ती काय खाते?"

सौमित्रच्या तोंडून निघून गेलं, "आपण खातो तेच. तिने मासे वगैरे सगळं सोडलंय."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि सौमित्रला वाटलं, झालं, सुटलो.

पुढची आठ वर्षं तो खोटेपणा आपोआप निभावला गेला. सांगलीला जाणं व्हायचं ते आठ-दहा दिवसांसाठी, आणि तिथे नीलार समोर येईल ते वरणभात, भाकरी, उसळ निमूट खायची. तिला ते आवडायचंही. मराठी मोडकंतोडकं बोलायची, सासूला 'आई' म्हणायची. सांगलीत सगळे तिला नीला म्हणत. सौमित्रने आईला काय सांगून ठेवलं आहे, हे तिला पहिल्या भेटीतच कळलं होतं. "दहा दिवस तर आहेत," असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

सिंगापूरच्या घरात मात्र रविवारची सकाळ मोहिंग्याची असे. ब्रह्मदेशात हा पदार्थ लोक सकाळी न्याहारीला खातात. नीलार आदल्या दिवशी बाजारातून मांगूर मासा आणायची. गवती चहाचे देठ ठेचून, हळद घालून तो उकडायचा, मग काटे काढून मऊ मांस वेगळं करायचं. कांदा, लसूण, आलं वाटून तेलात परतायचं. त्यात मासा, केळीच्या गाभ्याच्या चकत्या, माशाच्याच खारवलेल्या पाण्याचा सॉस, आणि दाटपणासाठी भाजलेलं बेसन. हे रटरटत ठेवायचं आणि वाढताना तांदळाच्या बारीक शेवयांवर ओतायचं. वर लिंबू, कोथिंबीर, उकडलेलं अंडं आणि हरभऱ्याच्या डाळीचे कुरकुरीत वडे कुस्करून.

बेसन भाजणं हे सौमित्रचं काम. लहानपणी आईला पिठल्यासाठी, लाडवांसाठी पीठ भाजताना त्याने पाहिलं होतं, त्यामुळे वास कधी सुटतो ते त्याला बरोबर कळे. तन्वी, त्यांची सात वर्षांची मुलगी, अंडी सोलायची आणि निम्मी खाऊन टाकायची. नीलार आपल्या आईकडून आलेल्या मोठ्या जर्मनच्या पातेल्यात डाव फिरवत बर्मीमध्ये काहीतरी गुणगुणायची. आठवड्यातला तेवढाच वेळ असा होता की कुणाला कुठे जायचं नसे.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात आईबाबा दोन महिन्यांसाठी येणार असं ठरलं. सौमित्रनेच आग्रह केला होता. तिकिटं पाठवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन महिने म्हणजे आठ-दहा दिवस नव्हेत.

"थोडं आवरायला लागेल," तो नीलारला म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ते पातेलं, सॉसच्या बाटल्या, सुकी कोळंबी. तान आंटींकडे ठेवू थोडे दिवस."

नीलारने त्याच्याकडे पाहिलं. "सगळं?"

"दोनच महिने, नीला. आईला उगाच त्रास नको."

तिने वाद घातला नाही. फ्रिज रिकामा केला, व्हिनेगरने पुसला, ओट्याखालचं कपाट धुतलं. पातेल्यात बाटल्या भरून ती स्वतःच शेजारी घेऊन गेली. तान आंटी एकट्या राहणाऱ्या चिनी बाई, तोंडाच्या फटकळ. त्यांनी पातेलं ठेवून घेतलं आणि दारात उभ्या सौमित्रला विचारलं, "तू कुणाचा खून केलास काय, असं लपवायला?" सौमित्र हसला. नीलार हसली नाही.

तन्वीला त्याने मांडीवर घेऊन समजावलं. "आजीने विचारलं तर सांगायचं, आम्ही फिश खात नाही."

"बट वी ईट व्हॉट." म्हणजे तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, 'पण आपण खातो की.'

"आजी आहे तोवर नाही खायचं. आपला एक गेम."

"दॅट्स लाइंग, पप्पा. नॉट गेम लाह." पण चॉकलेटचं कबूल करून घेऊन ती उठून गेली.

आईबाबा आले आणि त्या वर्षीचा धूरही आला. इंडोनेशियातली जंगलं पेटली होती आणि सगळं शहर राखेच्या रंगाच्या धुक्यात बुडालं होतं. समोरची बिल्डिंगसुद्धा धड दिसेना. खिडक्या लावून घरात बसायचं आणि पंख्याचा वारा घ्यायचा, एवढंच उरलं. म्हाताऱ्या माणसांना कुठे न्यायची सोय नाही. त्यामुळे सरोजिनीबाई आणि नीलार दिवसाचा बराच वेळ त्या लहानशा स्वयंपाकघरात बरोबर असत. नीलारने ऑफिसातून रजा काढली होती. सासू पुरणपोळी शिकवी, सून हातावर पीठ घेऊन शिके, पोळी फाटली की दोघी हसत. सौमित्र बाहेरच्या खोलीतून ऐके आणि त्याला वाटे, केलं ते बरंच केलं.

मग एका संध्याकाळी आईने सांगलीला आपल्या बहिणीला फोन लावला. नीलार शेजारीच मटार सोलत होती. "संजीवनी, तुला सांगते," आई म्हणत होती, "आपल्या जातीतल्या सुनांनी केलं नसतं ते हिने केलं. जन्मापासून मासे खाल्लेली पोर, पण आमच्यासाठी आठ वर्षं घरात अंडंसुद्धा आणलं नाही. मी आधी काय काय बोलले होते हिच्याबद्दल. आता माझीच मला लाज वाटते."

नीलारचे हात थांबले. तिने मान वर करून सौमित्रकडे पाहिलं. तो टीव्ही बघत होता. निदान त्याने तोंड तिकडे केलं होतं. पडद्यावर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं.

नंतर बेडरूममध्ये नीलार एवढंच म्हणाली, "त्या माझे आभार मानतात. रोज. मी काय उत्तर देऊ?"

"अगं, त्यांना बरं वाटतंय ना."

"मला नाही वाटत," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

त्यानंतरच्या आठवड्यात ऊ तिन मौंग यांचा फोन आला. त्यांचं जहाज सिंगापूरला लागलं होतं. हे त्यांचं शेवटचं जहाज. इथूनच ते उतरून कायमचे रंगूनला जाणार होते. शनिवारी दुपारी येतो म्हणाले, आणि दर वेळेसारखं हसत पुढे म्हणाले, "पोरीला सांग, पातेलं चढव."

सौमित्र फोनवर गडबडला. घरी आईवडील आलेत, आपण बाहेर कुठेतरी भेटू, बर्मी हॉटेल आहे एक चांगलं, असं काहीबाही बोलला. मग म्हातारा म्हणाला, "हो, हो. आईवडील आधी." आवाजात राग नव्हता. सौमित्रला तो मलेरियाचा ताप आठवला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याला खुर्चीतून उठवेना.

नीलारला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा ठाम बोलली. "माझ्या मामाला मी शेवटचं जेवण हॉटेलात घालणार नाही."

"मग आईला काय सांगू?"

"ते तुझं तू बघ."

खरं बोलायची ती वेळ होती. सौमित्रलाही ते कळत होतं. पण त्याच्या डोक्याला सवयच अशी लागली होती की कुणालाही न दुखवता निघायची फट ते आधी शोधी. शनिवारी सकाळी आईबाबांना टॅक्सीने मुरुगनच्या देवळात पाठवायचं. दुपारचं जेवण तिथल्याच उडुपी हॉटेलात. तेवढ्या वेळात तान आंटींच्या स्वयंपाकघरात मोहिंगा करायचा आणि मामांना पुन्हा फोन करून बोलावून तिथेच जेवू घालायचं. हा बेत त्याने नीलारला सांगितला. ती म्हणाली, "ठीक आहे." ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज त्याने गोदीत हजार वेळा ऐकला होता. माणूस हरला की तसं 'ठीक आहे' म्हणतो.

शनिवारी सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आईबाबांची टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली आणि हे तिघं मासा, गवती चहा, केळीचा गाभा बाजारातून घेऊन चोरासारखे शेजारच्या दारात शिरले. तान आंटी स्टूल आणून देत म्हणाल्या, "तुझं घर रिकामं, आणि तू माझ्या घरात." मग त्या टीव्हीसमोर जाऊन बसल्या. नीलार खाली स्टुलावर बसून उकडलेल्या माशाचे काटे काढू लागली. तन्वी अंडी सोलत होती. सौमित्र गॅसपाशी बेसन भाजत होता. कुणी गुणगुणत नव्हतं. धुरामुळे खिडक्या बंद होत्या. माशाचा वास कोंडू लागला म्हणून आंटींनी दार उघडून फक्त बाहेरची लोखंडी जाळी ओढून घेतली.

धुरानेच घात केला. देवळाच्या आवारात विश्वासरावांना खोकल्याची ढास लागली आणि दर्शन घेऊन दोघं त्याच टॅक्सीने माघारी आले. फ्लॅट बंद. आत कुणी नाही. किल्ली होती, पण शेजारच्या दारात नातीच्या चपला दिसल्या, म्हणून सरोजिनीबाई चार पावलं पुढे गेल्या आणि जाळीतून त्यांनी आत पाहिलं.

सौमित्रला आधी आईची साडी दिसली. मग चेहरा. हातातला कालथा थांबला. नीलारची बोटं माशात होती, ती तशीच राहिली. तन्वीने अर्धं अंडं तोंडात घातलं होतं. ती ते गिळेना आणि काढेना.

सरोजिनीबाईंनी तिघांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पीठ जळतंय," त्या म्हणाल्या. आणि वळून निघून गेल्या.

सौमित्रने गॅस बंद केला. आंटींनी टीव्हीचा आवाज कमी केला, पण काही बोलल्या नाहीत, आणि त्याचंच त्याला जास्त झालं.

घरात बाबा पाणी पीत बसले होते. आई बाल्कनीच्या बंद दाराशी उभी होती. सौमित्रने बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "किती दिवस?"

"आजच, आई. तिचे मामा येणार—"

"ते नाही विचारलं."

तो म्हणाला, "पहिल्यापासून. तिने कधीच सोडलं नव्हतं. मीच म्हणालो होतो. मीही खातो."

आईने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. चेहरा नुसता उतरला होता. "मला सांगितलं असतंस तर मला आवडलं असतं असं नाही," ती म्हणाली. "मी बोलले असते. चार महिने तुझ्याशी बोललेच नसते कदाचित. मग विसरले असते, नाहीतर नसते. पण ते माझं मी ठरवलं असतं. तू मला ठरवूच दिलं नाहीस."

"तुला त्रास होऊ नये म्हणून—"

"मला त्रास होऊ नये म्हणून माझ्या सुनेला शेजारच्या घरात चूल मांडायला लावलीस? आणि ते माझ्या नावावर? त्या बाईला काय वाटलं असेल, कोण ही म्हातारी, हिच्या भीतीने बायकापोरं लपून जेवतात." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आणि मी तिच्या देखत रोज तिचं कौतुक करत होते. संजीवनीला फोनवर काय काय सांगितलं. ती ऐकत होती. मला वेडी ठरवलंस रे तिच्यासमोर."

बाबांनी पेला खाली ठेवला. ते म्हणाले, "सौमित्र, माझ्या नोकरीत मी साहेबांना खोटे आकडे दाखवणारी माणसं पाहिली. ती वाईट नसत. भित्री असत." एवढं बोलून ते पुन्हा खोकू लागले.

सौमित्र जमिनीकडे बघत उभा होता. एवढ्यात जाळी वाजली. नीलार हात धुऊन आली होती, मागे तन्वी. तन्वी सरळ आजीपाशी गेली आणि तिच्या पदराला धरून म्हणाली, "आजी, आय ऑल्सो लाइड. सॉरी. पप्पा सेड गेम."

आईने नातीला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून मुलाकडे पाहिलं. त्या नजरेखाली सौमित्रला आपण आहोत त्याहून लहान, लहान मुलापेक्षाही वाईट असल्यासारखं वाटलं. बायकोला, आईला, मामांना तो आपल्या समजुतीप्रमाणे सांभाळत होता. पण सात वर्षांच्या पोरीला मांडीवर बसवून त्याने खोटं बोलायला शिकवलं होतं, त्याला कुठलंच कारण पुरत नव्हतं.

"सॉरी, नीला," तो म्हणाला. "आई, माझं चुकलं."

"तू लगेच सॉरी म्हणतोस," नीलार म्हणाली. मराठीत, सावकाश, शब्द शोधत. "तू सॉरी म्हणतो, मग सगळे गप्प. आज नको म्हणू."

मग सरोजिनीबाईंनी सुनेला विचारलं, "मामा किती वाजता येणार?"

"आता. अर्धा तास."

"मग ते पातेलं घरी आणा. पाहुणा दुसऱ्याच्या घरात जेवायचा नाही."

पातेलं सौमित्रने आणलं. गरम होतं, फडक्याने धरून, कॉरिडॉरमधून. समोरच्या ब्लॉकमधलं कुणी बघत असेल तर बघो. सरोजिनीबाईंनी आपली दोन भांडी आणि पाण्याचा तांब्या उचलून टीपॉयवर नेऊन ठेवला आणि स्वयंपाकघर सुनेला मोकळं करून दिलं. त्या आत आल्या नाहीत. वास सहन होत नव्हता, ते त्यांनी लपवलंही नाही. पदर नाकाशी धरून त्या बसून राहिल्या.

सौमित्रने पुन्हा पीठ भाजायला घेतलं. नीलारने त्याच्याकडे न बघता डबा पुढे सरकवला.

ऊ तिन मौंग आले तेव्हा मोहिंगा तयार होता. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. विश्वासरावांशी त्यांची लगेच गट्टी जमली. दोघांनाही मोडकं इंग्रजी आणि भरपूर वेळ. सरोजिनीबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि मुलाने पुढाकार घ्यायच्या आधी स्वतःच म्हणाल्या, "माझा मुलगा तुम्हाला बाहेर भेटू म्हणाला असेल. ते त्याचं बोलणं होतं. आमचं नव्हे." नीलारने ते बर्मीमध्ये सांगितलं. म्हातारा हसला आणि सौमित्रच्या पाठीवर हात ठेवून जेवायला बसला. तो हात सौमित्रला शिवीपेक्षा जड वाटला.

बाबांनी नुसत्या शेवयांवर लिंबू पिळून, डाळीचे वडे कुस्करून खाल्ले आणि पुन्हा मागितले. आईने काही खाल्लं नाही. सौमित्रपुढे वाटी भरून ठेवली होती. आठ वर्षं ज्या चवीसाठी तो रविवारची वाट पाहत आला, ती आज त्याला लागेना. पण सगळ्यांसमोर, आईसमोर, त्याने ती वाटी संपवली. न संपवणं म्हणजे पुन्हा लपवणं झालं असतं.

त्यानंतर आई त्याच्याशी बरेच दिवस बोलली नाही. तन्वीशी, नीलारशी बोले. पण तिच्यात आणि नीलारमध्येही आधीचं हसणं लगेच आलं नाही. नीलारला संकोच वाटे आणि आईलाही. एकदा पोळ्या लाटताना आई म्हणाली, "तू तरी सांगायचं होतंस." नीलार म्हणाली, "हो. सांगायचं होतं." तेवढ्यावर ते राहिलं. मोहिंगा रविवारी होत राहिला. त्या वेळी आई बाबांना घेऊन खाली बाकावर जाऊन बसे, धूर असला तरी.

गोदीतही सौमित्र थोडा बदलला. कंत्राटदाराला "होईल" म्हणायच्या आधी तो थांबू लागला, आणि काही लोकांना तो पूर्वीइतका आवडेनासा झाला. घरी मात्र नीलार त्याच्या प्रत्येक साध्या बोलण्यावरही क्षणभर थांबून त्याच्याकडे बघे, खरं आहे ना, अशा नजरेने. त्या नजरेची सवय करून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

नोव्हेंबरात पावसाने धूर धुऊन नेला आणि आईबाबा परत निघाले. चांगी विमानतळावर सौमित्र सामानाची गाडी ढकलत पुढे गेला होता. मागे वळून पाहिलं तर आई नीलारचा हात हातात घेऊन तिला काहीतरी सांगत होती. बराच वेळ. नीलार मान खाली घालून ऐकत होती, मग तिने डोळे पुसले आणि काहीतरी उत्तर दिलं. आईने तिच्या गालावरून हात फिरवला. मुलापाशी येऊन ती एवढंच म्हणाली, "येते. तुझी बीपीची गोळी घेत जा."

परतीच्या टॅक्सीत तन्वी झोपून गेली. नीलार खिडकीबाहेर बघत होती. आई काय म्हणाली, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्याला वाटलं, ते आपल्याला सांगण्यासारखं असतं तर तिने आपणहून सांगितलं असतं. तो गप्प बसला, आणि झोपलेल्या मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर नीट करून घेतलं.